वरच्या नळाचं पाणी

सोमवार, ३ फेब्रुवारी

टाकी गळतेय! धार नाही, थेंबही नाही. नुसता ओलावा. पण गळतेय.

सकाळी नमुना घ्यायला जिना चढणार तेवढ्यात टाकीच्या पायाशी लक्ष गेलं. पत्र्यावर तळहाताएवढा ओला डाग, मधोमध वाटाण्याएवढा गंजाचा फोड. नारिंगी. नखाने टोकरला तर वरचं कवच पटकन निघालं आणि आत काळाकुट्ट लगदा. वास सडक्या अंड्याचा. हात दोनदा साबणाने धुतला, अजून जात नाही.

लगेचसाहेबांना बोलावलं. (मेंटेनन्सचे मुख्य. कुठलंही काम सांगा, “लगेच करून टाकू” हे ठरलेलं उत्तर. गिरणीत त्यांचं खरं नाव आता त्यांच्या बायकोलाच आठवत असेल.) ते उकिडवे बसले, फडक्याने डाग पुसला, पुन्हा ओलं होतंय का ते पाहिलं. झालं. म्हणाले, बाहेरून ठिगळ मारू, लगेच. टाकी रिकामी नाही करायची का, असं मी विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गिरणी विकायला काढली. कागदाच्या अख्ख्या गिरणीचं सांडपाणी या एका टाकीत येतं. ती रिकामी करायची म्हणजे चार दिवस सगळी यंत्रं बंद. त्यामुळे भरल्या टाकीवरच वेल्डिंग होणार. प्लेट कापून आणायची, वरून परवानगी यायची — म्हणजे त्यांचं ‘लगेच’ आलं गुरुवारी, तेरा तारखेला.

आणि असलं काम जमणारा वेल्डर गिरणीत एकच आहे. माझा नवरा!

जेवताना विषय निघाला. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, घास तसाच हातात धरून विचारलं, कुठे गळतेय. पायाशी, उत्तरेच्या बाजूला, मी म्हटलं. मग विचारलं, ठिगळ कधी. तेराला. “बरं,” एवढंच म्हणाले आणि जेवू लागले. मला वाटलं होतं दहा प्रश्न विचारतील. तीस वर्षं त्या पाण्याची तपासणी त्यांनी केली. सहा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हाती आली. अजूनही गिरणीत लोक मला ‘बाबांची सून’ म्हणूनच ओळखतात. मला राग येत नाही. फारसा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज पत्र्याची जाडी मोजली. लगेचसाहेब स्वतः. पत्र्यावर जेल लावायचं, त्यावर यंत्राची दांडी टेकवायची, पडद्यावर मिलिमीटरचा आकडा येतो. डागाशेजारी टेकवली, आकडा आला नाही. पुन्हा जेल, पुन्हा टेकवली, नाहीच. मग दांडी चार बोटं वर सरकवली. ९.३! “बघा, नवीकोरी टाकी.” पुढच्या जागीही तसंच. आकडा येईना की सरकायचं, येईपर्यंत सरकायचं, आला की लिहायचा. मी विचारलं, जिथे आकडा येत नाही तिथे काय लिहायचं? म्हणाले, तिथे जेल नीट बसत नाही, पत्रा खडबडीत आहे.

मला ते पटलं नाही. पण पत्रा हे माझं खातं नाही. माझं खातं पाणी.

म्हणून मी माझं केलं. त्या गंजाच्या फोडात सुई खुपसून आतलं पाणी थेट इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये ओढलं, हवेचा एक बुडबुडा येऊ दिला नाही. सहा बाटल्या घेतल्या, रबरी बुचाच्या, आत जंतूंचं खाद्य आणि एकेक खिळा. पहिलीत पाणी टोचायचं, पहिलीतलं थोडं दुसरीत, दुसरीतलं तिसरीत, प्रत्येक वेळी दहापट विरळ. ज्यात लोखंड खाणारे जंतू असतील ती बाटली काळी होते. जितक्या जास्त बाटल्या काळ्या, तितकी प्रजा मोठी. शेजारी नेहमीप्रमाणे वरच्या नळाच्या पाण्याच्याही सहा बाटल्या लावल्या. ती महिन्याची तपासणी तशीही बाकीच होती.

त्या सहा कधीच काळ्या होत नाहीत. सहा वर्षांत एकदाही नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

डागाची पहिली बाटली. काळी. चोवीस तास पुरते झाले नाहीत!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

तीन काळ्या. खिळासुद्धा दिसत नाही आत. वरच्या नळाच्या सहाही बाटल्या काचेसारख्या स्वच्छ.

जुनं पुस्तक काढून वाचत बसले. आपण हवेशिवाय गुदमरतो, हे जंतू हवेत गुदमरतात. म्हणून ते वर राहतच नाहीत. टाकीच्या तळाशी कागदाच्या लगद्याचा गाळ साचतो, त्याखाली हवेचा मागमूस नाही, तिथे यांचा संसार. पाण्यातल्या सल्फेटवर जगायचं आणि सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस सोडायचा. तो गॅस लोखंडाला लागतो, लोखंडाचं काळं पीठ होतं. सगळा पत्रा सारखा झिजत नाही. एखाद्या जागी खड्डा पडतो, तो खोल खोल जातो, आणि शेजारी चार बोटांवर पत्रा शाबूत.

शाबूत. म्हणजे ९.३.



शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आता लिहूनच टाकते. इथे नाही लिहिलं तर कुठे लिहिणार?

मी सहा वर्षं चुकीच्या जागचं पाणी तपासतेय. जिना चढायचा, वरचा नळ सोडायचा, बाटली अर्धी भरायची — अर्धी! — वर हवा तशीच, आणि ती दुपारपर्यंत फळीवर ठेवायची. जे जंतू तळाला गाळाखाली राहतात त्यांना मी टाकीच्या डोक्यावर शोधत होते. आणि चुकून एखादा वर आलाच तर बाटलीतल्या हवेने माझ्या फळीवर आडवा. मग मी लिहायचे, ‘आढळले नाहीत’. खाली सही. दर महिन्याला. बहात्तर सह्या.

एवढ्यावर थांबत नाही. दोन वर्षांपूर्वी याच कागदांवर बोट ठेवून टाकीत जंतुनाशक सोडणं बंद केलं. जंतू नाहीतच तर औषध कशाला, असं वरून आलं. तेव्हा मोठ्या साहेबांनी माझं कौतुक केलं होतं! मी घरी येऊन सांगितलं होतं, बाबाही हसले होते.

औषध बंद होऊन दोन वर्षं. त्या तळाशी काय माजलं असेल.

शनिवार, ८ फेब्रुवारी

चार काळ्या.

आज धीर करून बाबांना विचारलं. ते बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. म्हटलं, बाबा, तुम्ही नमुना वरच्या नळाचाच का घ्यायला शिकवलंत? खालून घेतलेला बरा नव्हे का? त्यांनी पान उलटलं. म्हणाले, खाली गाळ येतो, बाटल्या खराब होतात. मी म्हटलं, पण जंतू तर गाळातच असतात. त्यावर जे चिडले! आवाज एकदम चढला. “पद्धत तीस वर्षं चालली. तुझा हात चुकला असेल, पद्धतीला नावं ठेवू नकोस.”

मग वर्तमानपत्र घेऊन आत गेले. मी तिथेच उभी. चाळीस वर्षांची बाई, आणि शाळेत उत्तर चुकल्यासारखे कान तापले. ते पाणी माझ्याआधी कुणी बघितलं असेल तर त्यांनीच. ते म्हणतात हात चुकला, तर चुकलाच असेल. बाटली अर्धी भरायची त्यांनी सांगितलं होतं की माझीच मी आळसाने भरायला लागले? आठवायचा प्रयत्न करते तर काहीच धड आठवत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

सुट्टी. वेल्डरबुवा सकाळपासून खुशीत. परवानगी आली म्हणे. आरशासमोर उभं राहून मला म्हणतात, मोठ्या साहेबांनी माझंच नाव घेतलं, दुसरं कुणी नको म्हणाले. मी म्हटलं, दुसरं आहे कोण? तर म्हणे, तू कौतुक करायला पैसे घेतेस का गं.

हसून घेतलं. मग भाजी चिरता चिरता सहज विचारल्यासारखं विचारलं, पत्रा आतून पातळ झालेला असला तर काय होतं रे? तो म्हणाला, पातळ पत्र्याला आच लागली की उघडतो. उघडला म्हणजे? “म्हणजे फाटतो. मागे पाणी असलं तर मग पाणी ऐकतं होय कुणाचं?” दोन मजली टाकी! आणि आतला तो गॅस. आणि हा तिच्या पायाशी उकिडवा, तोंडावर मुखवटा, समोरचं काही दिसत नाही.

माझा हात थांबलेला बघून म्हणाला, अगं पण नऊ मिलिमीटर आहे. शिवाय तुझा रिपोर्ट आहेच की, आत जंतूबिंतू काही नाहीत. मग पत्रा खाणार कोण?

मी चिरत राहिले. किती नालायक आहे मी! तोंड उघडायचं होतं, उघडलं नाही. बाबा शेजारच्या खोलीत होते, दार उघडं होतं. त्यांनी ऐकलं असणार.

सोमवार, १० फेब्रुवारी

पाच काळ्या. सहावी करडी पडतेय.

बाराही बाटल्या ट्रेमध्ये घेऊन लगेचसाहेबांच्या टेबलावर मांडल्या. इकडे काळ्या, इकडे स्वच्छ. एकाच टाकीचं, एकाच दिवसाचं पाणी. म्हटलं, गुरुवारचं काम थांबवा. टाकी रिकामी करा, गाळ काढा, तळ तपासा, मग काय ते ठिगळ लावा.

त्यांनी एक काळी बाटली उचलून उजेडात धरली. वाईट माणूस नाही तो. पण घाई त्याच्या रक्तात आहे. म्हणाले, बाई, पाच बाटल्या दाखवून मी गिरणी कशी बंद करू? मग कपाटातून माझीच फाइल काढली. आढळले नाहीत, आढळले नाहीत, आढळले नाहीत. पानं उलटत गेले. “एक तर या बाटल्या खोट्या, नाहीतर ही सहा वर्षं खोटी. सहा वर्षं खोटी होती असं लिहून द्या, मी स्वतः साहेबांकडे घेऊन जातो.”

मी ट्रे उचलून परत आले.

काय चुकीचं बोलले ते? काहीच नाही. त्याचाच जास्त राग आला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पत्र तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. उद्याचा एकच दिवस उरला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दिलं.

अकरा वाजता दिलं. आधी लगेचसाहेबांच्या हातात, मग आम्ही दोघं मोठ्या साहेबांच्या खोलीत. सात ओळींचं पत्र. ‘गेली सहा वर्षे मी नमुना चुकीच्या जागेवरून आणि चुकीच्या रीतीने घेत होते. त्यामुळे माझे सर्व अहवाल ग्राह्य धरू नयेत. टाकीच्या तळाशी पत्रा धोकादायक झालेला असण्याची दाट शक्यता आहे.’ साहेबांनी विचारलं, ही रीत तुम्हाला कुणी शिकवली? मी म्हटलं, कुणी नाही, माझी मीच.

तोंडातून निघूनच गेलं. पण निघालं ते बरंच झालं. बाबा सत्तरीचे, गिरणीच्या फाटकावरचा पहारेकरी अजून त्यांना उठून नमस्कार करतो. या वयात त्यांची अब्रू मी कशाला चव्हाट्यावर आणू? बहात्तर सह्या माझ्या आहेत. त्यांची एकही नाही.

साहेब म्हणाले, बाहेर थांबा. पाऊण तास बाकावर बसवलं. आतून लगेचसाहेबांचा आवाज येत होता, वाद घालत होते — आणि माझ्या बाजूने! हे मात्र कबूल करायला हवं.

काम रद्द. उद्यापासून गिरणी बंद, टाकी रिकामी करायची. आणि चौकशी होईपर्यंत मी घरी बसायचं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा वेल्डरबुवांना अजून काही कळलं नव्हतं, उद्यासाठी हातमोजे काढून ठेवत होते. सगळं सांगितलं. अगदी सगळं, फक्त बाबांचं सोडून. तो पलंगाच्या कडेला बसला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. “रविवारी माहीत होतं तुला?” एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्याने हातमोजे पुन्हा पिशवीत घातले, पिशवी खुंटीला लावली आणि पाय मोकळे करायला बाहेर गेला.

बाबा जेवायला आले नाहीत. भूक नाही म्हणाले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

घरी. गिरणीचा आवाज बंद आहे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा शेजारच्या घरातलं घड्याळ ऐकू आलं. दुकानात गेले तर दोघी बायका बोलायच्या थांबल्या. त्यांचे नवरे कालपासून घरी बसलेत, माझ्यामुळे. तळ चांगला निघाला तर मला या गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही.

आणि मी काय मागतेय मनात? तळ सडलेला निघू दे! कुणी ऐकलं तर काय म्हणेल?

नवरा बोलतो, पण कामापुरतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

टाकी काल रिकामी झाली. आज गाळ उपसला, पंखे लावून आतला गॅस काढला. नवरा तिथेच होता, संध्याकाळी येऊन सांगितलं. बूटसुद्धा न काढता, दारातच उभा राहून.

आधी लगेचसाहेबांनी यंत्राने मोजलं. कडेकडेने. ९.३, ९.२, ९.३. चार-पाच ठिकाणी आकडा आला नाही, सरकले, आला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी माझ्या नावाने काहीतरी पुटपुटलं, ते काय ते त्याने सांगितलं नाही. मग यानेच हातोडी मागून घेतली आणि जिथे जिथे आकडा येत नव्हता तिथे आतून ठोकत निघाला. टण, टण, टण. उत्तरेच्या कोपऱ्यात आवाज बदलला. बद् असा आला. त्याने पुन्हा मारली, तशी काही जोराने नाही म्हणाला, आणि हातोडी पत्र्यातून बाहेर गेली!

पलीकडचा उजेड दिसला म्हणे.

मग बोटाने दाबूनच भोकं पडायला लागली. नाण्याएवढे खड्डे, काठ अगदी कोरल्यासारखे, आत काळी पूड, आणि शेजारी चार बोटांवर पत्रा ठणठणीत. मोजायचं सोडून दिलं त्यांनी. लगेचसाहेब म्हणे टाकीतच उकिडवे बसले. उठेनात. मग म्हणाले, आकडा येत नव्हता तिथेच थांबायला हवं होतं, मीच सरकत राहिलो.

हे सांगून झाल्यावर नवरा खाली बसला, बुटाची नाडी सोडायला. सुटेना. “मी बरोबर तिथेच बसणार होतो गं.” मी खाली बसून नाडी सोडली. मग आम्ही दोघंही तिथे दारातच, बुटांशेजारी, बराच वेळ बसलो. रडले मी. तो नाही रडला, पण माझा हात सोडला नाही.

आतून बाबांच्या खोलीचं दार लावल्याचा आवाज आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मोठ्या साहेबांचा निरोप. सोमवारपासून कामावर या. चौकशी होईल, पण कामावर या. नमुना कुठून घ्यायचा ते आता तुम्हीच ठरवा.

किती हलकं वाटतंय! सहा वर्षं चुकले, पण वेळेत सांगितलं. एवढं तरी माझ्या पदरात पडलं. आज नीट जेवले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दुपारी चहा घेऊन बाबांच्या खोलीत गेले. त्यांनी बस म्हटलं. कधी म्हणत नाहीत.

म्हणाले, खालचा नमुना मी एकदा घेतला होता. तुझं लग्न व्हायच्या आधी. सहाच्या सहा बाटल्या दोन दिवसांत काळ्या झाल्या. तेव्हा तुझ्या नवऱ्याला गिरणीत घेतलं होतं, अजून पक्कं केलं नव्हतं. टाकी बंद झाली असती तर नव्या पोरांना आधी काढलं असतं. म्हणून बाटल्या फोडून टाकल्या आणि वर चढायला लागलो. तुलाही तेच शिकवलं.

मी विचारलं, आणि गेल्या गुरुवारी तो तिथे बसणार होता, ते तुम्हाला दहा दिवस आधीपासून माहीत होतं. मी पत्र दिलं नसतं तर?

“बुधवारी सांगणार होतो.”

बुधवार संपत आला होता, बाबा, मी म्हटलं. मी घरी येऊन सांगेपर्यंत तुम्ही दिवसभर याच खोलीत होतात.

ते चष्मा पुसत राहिले. चहा तसाच निवला.

आता साडेपाच. नवऱ्याची टाकीवरची पाळी सुटली असेल. घरी पोचायला त्याला वीस मिनिटं लागतात.